दवाखान्याचं सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टर, रिसेप्शन सांभाळणारे कर्मचारी आणि दवाखान्यांची कॉम्प्युटरची कामं करणारे तंत्रज्ञ यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गृहीत धरलेली मांडणी आपल्याकडच्या लहान-मध्यम हॉस्पिटलांत सर्रास दिसते ती: विंडोजचा एक सर्व्हर, त्यावर मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरचा डेटाबेस, आणि रिसेप्शन, केबिन, मेडिकल, लॅब इथले चार ते दहा कॉम्प्युटर लॅनने, म्हणजे दवाखान्यातल्या आतल्या नेटवर्कने, त्याला जोडलेले. तुमचं सॉफ्टवेअर त्याहून जुनं असेल तर आधी प्रश्न १२ वाचा.

१. सगळं नीट चाललंय. मग सर्व्हर बदलायचाच कशाला?

चाललंय तोवर बदलायची सवड असते, म्हणूनच. हार्ड डिस्क बंद पडल्यावर केलेलं शिफ्टिंग हे शिफ्टिंग राहत नाही, उरलंसुरलं वाचवण्याची धडपड होते.

दुसरं कारण सुरक्षेचं. विंडोज सर्व्हर २००८ आर२ आणि विंडोज ७ यांचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ जानेवारी २०२० रोजी संपला. विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२ यांचा १० ऑक्टोबर २०२३ ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. डेटाबेसचंही तेच: एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ जुलै २०१९ मध्ये संपला, २०१२ जुलै २०२२ मध्ये, २०१४ जुलै २०२४ मध्ये. या तारखांनंतर सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींना नेहमीच्या अपडेटमधून दुरुस्ती मिळत नाही. दवाखान्यातला सर्व्हर आता इंटरनेटपासून तुटलेला नसतो; रिपोर्ट व्हॉट्सॲपवर जातात, टीपीएचे (विमा दावे हाताळणाऱ्या कंपन्यांचे) फॉर्म वेबसाइटवर भरले जातात. त्यामुळे "आमचा डेटा कोण कशाला चोरेल" हा दिलासा पुरेसा नाही. चोरायचा नसला तरी तो लॉक करून पैसे मागता येतात.

२. आमचा डेटा नेमका कुठे असतो? स्क्रीनवर तर फक्त एक आयकॉन दिसतो.

आयकॉन म्हणजे खिडकी. डेटा तीन ठिकाणी विखुरलेला असतो आणि शिफ्टिंगमध्ये तिसरं ठिकाण हमखास राहून जातं.

पहिलं ठिकाण डेटाबेस: पेशंटची नावं, व्हिजिट, औषधं, बिलं. दुसरं सॉफ्टवेअरचा फोल्डर: रिपोर्टचे नमुने, लेटरहेड, सेटिंगच्या फायली. तिसरं स्कॅन केलेल्या कागदांचा आणि फोटोंचा फोल्डर. संमतिपत्रं, बाहेरचे रिपोर्ट, जखमांचे फोटो, एक्स-रे बहुतेक वेळा डेटाबेसमध्ये नसतात. डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता लिहिलेला असतो, म्हणजे अमुक ड्राइव्हवरचा अमुक फोल्डर. नव्या सर्व्हरवर ड्राइव्हचं अक्षर किंवा सर्व्हरचं नाव बदललं की पेशंटची माहिती उघडते, पण "रिपोर्ट पाहा" दाबल्यावर काहीच येत नाही. सॉफ्टवेअर देणाऱ्याला थेट विचारा: "अटॅचमेंट कुठल्या फोल्डरला सेव्ह होतात आणि तो पत्ता कुठे लिहिलाय?" उत्तर लेखी घ्या.

३. नवा सर्व्हर म्हणून चांगला डेस्कटॉप चालेल का, की खरा सर्व्हरच हवा?

चार-पाच कॉम्प्युटरांच्या ओपीडीला विंडोज ११ प्रो असलेला चांगला डेस्कटॉप चालतो. फाइल शेअरिंगसाठी त्याची मर्यादा एका वेळी २० जोडण्यांची आहे. आयपीडी, मेडिकल आणि लॅब एकाच सॉफ्टवेअरवर असतील तर मात्र सर्व्हरच घ्या.

पैसे कुठे घालायचे याबद्दल माझं मत ठाम आहे. प्रोसेसरवर कमी, डिस्कवर जास्त. दोन एसएसडी एकमेकींची प्रत ठेवतील अशा जोडणीत, म्हणजे रेड १ मध्ये हव्यात; एक गेली तरी काम थांबत नाही. पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. दुसरा खर्च यूपीएसवर. वीज गेल्यावर सर्व्हर स्वतःहून व्यवस्थित बंद होईल अशी यूएसबी जोडणी असलेला यूपीएस घ्या. डेटाबेस बिघडण्याचं आपल्याकडचं मोठं कारण लिहिता लिहिता गेलेली वीज हेच आहे.

डेटाबेसची फुकट आवृत्ती, एसक्यूएल एक्स्प्रेस, बहुतेक दवाखान्यांना पुरते. तिची मर्यादा २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबी आहे. २०२५ च्या एक्स्प्रेसमध्ये ती ५० जीबी झाली. मर्यादा गाठली की जुनं दिसतं, पण नवी एंट्री सेव्ह होत नाही. आत्ताचा डेटाबेस ७-८ जीबीपर्यंत गेला असेल तर खरेदीआधीच याचा निर्णय घ्या.

४. दवाखाना किती वेळ बंद ठेवावा लागेल?

रंगीत तालीम केली असेल (प्रश्न ६), तर प्रत्यक्ष अदलाबदल एका रात्रीत होते. शनिवारी रात्रीची ओपीडी संपल्यावर सुरुवात आणि रविवार तपासणीला, ही वेळ बहुतेकांना जमते. तुमच्या भागात महावितरणचा देखभालीचा बंद ज्या दिवशी असतो तो दिवस टाळा. महिन्याचे पहिले पाच दिवसही टाळा: सोनोग्राफी केंद्र असेल तर पीसीपीएनडीटीचा (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखालचा) मासिक अहवाल ५ तारखेपर्यंत द्यायचा असतो, आणि नेमका तेव्हाच जुन्या नोंदी काढायची घाई असते. सॉफ्टवेअर देणाऱ्याचा माणूस सोमवारी सकाळी फोनवर मिळेल याची खात्री करून मगच दिवस ठरवा.

५. जुन्या सर्व्हरवरचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन नव्यावर पेस्ट केला तर?

सॉफ्टवेअरचा फोल्डर आणि स्कॅनचा फोल्डर असा नेता येतो. डेटाबेस नेऊ नका. डेटाबेसची सेवा चालू असताना त्याच्या फायली उघड्या असतात. त्या कॉपी होत नाहीत, किंवा काही साधनांनी झाल्या तरी अर्धवट अवस्थेत येतात. डेटाबेसच्या आतूनच पूर्ण बॅकअप घ्यावा आणि नव्या सर्व्हरवर तो रिस्टोअर करावा. बॅकअपची फाइल कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत जुळतो का पाहा. स्वस्तातल्या पेनड्राइव्हपेक्षा लॅनवरून किंवा चांगल्या बाह्य डिस्कवरून न्या.

६. आमच्याकडे रोजचा बॅकअप आहे. मग तालीम कशाला?

बॅकअप आहे हे रिस्टोअर केल्याशिवाय कळत नाही. फोल्डरमध्ये रोज एक फाइल येते, तिचं नाव तारखेचं असतं, सगळे निश्चिंत असतात. आणि उघडून पाहिल्यावर कळतं की तीन वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर अपडेट झालं तेव्हा डेटाबेसचं नाव बदललं आणि बॅकअप अजून जुन्याच, बंद पडलेल्या डेटाबेसचा निघतोय. पेशंटचं रेकॉर्ड हे आपल्या ताब्यात ठेवायला दिलेलं दुसऱ्याचं आयुष्य आहे. त्याच्या बाबतीत "फाइल तर आहे" यावर थांबता येत नाही.

तालीम अशी. नवा सर्व्हर वेगळ्या नावाने आणि वेगळ्या आयपीने (नेटवर्कवरच्या पत्त्याने) लॅनवर लावा. जुन्याचा ताजा बॅकअप त्यावर रिस्टोअर करा. आधी जुन्या सर्व्हरवर आणि मग नव्यावर डेटाबेसची अंतर्गत तपासणी, म्हणजे डीबीसीसी चेकडीबी हा आदेश, चालवा. जुन्यावरच दोष निघाला तर शिफ्टिंग थांबवा. तो दोष बॅकअपमधून जसाच्या तसा नव्यावर येतो. मग एका कॉम्प्युटरवरून नव्या सर्व्हरला जोडून खरी कामं करा: पेशंट शोधा, नवा नोंदवा, प्रिस्क्रिप्शन छापा, बिल काढा, जुना डिस्चार्ज समरी उघडा. प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहा. बंद ठेवायची वेळ याच आकड्यांवरून ठरते. तालमीतला सगळा डेटा खऱ्या दिवशी पुसून, त्या रात्रीचा ताजा बॅकअप पुन्हा रिस्टोअर करायचा. हे विसरलं तर मधल्या दिवसांचं रेकॉर्ड गायब होतं आणि दोन खोटे पेशंट खऱ्यांत मिसळतात.

७. आमचा एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ आहे. थेट २०२२ वर जाता येईल?

बॅकअप थेट रिस्टोअर होतो. एसक्यूएल सर्व्हर २००० चा बॅकअप मात्र २०१२ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत जात नाही. तो आधी २००८ किंवा २००८ आर२ वर रिस्टोअर करून, तिथला नवा बॅकअप पुढे न्यावा लागतो.

उलटा रस्ता बंद आहे. नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्या आवृत्तीत रिस्टोअर होत नाही. म्हणून सोमवारी नव्यावर काम सुरू केलं आणि बुधवारी परतायचं ठरवलं तर मधल्या एंट्री सहज मागे नेता येत नाहीत. याचं पुढचं प्रश्न १७ मध्ये.

डेटाबेस चालला तरी तुमचं सॉफ्टवेअर त्या आवृत्तीवर चालेल का, हा वेगळा प्रश्न. रिस्टोअर केल्यावर कंपॅटिबिलिटी लेव्हल, म्हणजे डेटाबेसने कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं ते सेटिंग, जुनीच राहते. सॉफ्टवेअर देणाऱ्याने सांगेपर्यंत ती वाढवू नका. स्टॅटिस्टिक्स (डेटा पटकन शोधण्यासाठी डेटाबेस ठेवतो ते अंदाज) मात्र अपडेट करा, नाहीतर नवी मशीन जुन्यापेक्षा हळू वाटते आणि दोष हार्डवेअरला मिळतो.

८. नव्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालतं, पण रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवरून "सर्व्हर सापडत नाही" किंवा "लॉगिन फेल्ड" येतं.

हे दोन वेगळे आजार आहेत.

"सापडत नाही" म्हणजे रस्ता बंद आहे. एक्स्प्रेस आवृत्तीत टीसीपी/आयपी, म्हणजे लॅनवरून जोडणी घेण्याची सोय, सुरुवातीला बंदच असतं. ते कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून चालू करून सेवा पुन्हा सुरू करावी लागते. मग नव्या विंडोजच्या फायरवॉलमध्ये डेटाबेसचा पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक (साधारणपणे १४३३), फक्त आतल्या लॅनसाठी उघडा. सर्व्हरच्या नावापुढे तिरपी रेघ आणि आणखी एक नाव असेल तर एसक्यूएल ब्राउझर सेवा आणि यूडीपी १४३४ हा पोर्टही लागतो. फायरवॉल सरसकट बंद करणं हा उपाय नव्हे. घाईत तेच केलं जातं आणि मग ते तसंच राहतं.

"लॉगिन फेल्ड" म्हणजे दारापर्यंत पोचलात, पण आत घेत नाहीत. लॉगिन डेटाबेसमध्ये नसतात, सर्व्हरच्या मास्टर डेटाबेसमध्ये असतात. ते बॅकअपसोबत येत नाहीत. नव्यावर त्याच नावाचं लॉगिन बनवलं तरी आतली ओळख वेगळी असते आणि डेटाबेसमधला युजर पोरका होतो. त्याला नव्या लॉगिनशी जोडण्याचा आदेश एका ओळीचा आहे, तंत्रज्ञाला "ऑर्फन युजर" म्हटलं की कळेल.

सगळ्या कॉम्प्युटरांवर फिरून सेटिंग बदलायचं टाळायचं असेल तर अदलाबदलीच्या दिवशी नव्या सर्व्हरला जुन्याचंच नाव आणि आयपी द्या. त्याआधी जुन्याची लॅन केबल काढलेली असली पाहिजे.

९. पेशंटची मराठी नावं चौकोन, प्रश्नचिन्हं किंवा भलतीच इंग्रजी अक्षरं दिसू लागली. डेटा गेला का?

काय दिसतंय त्यावर अवलंबून आहे, म्हणून घाबरण्याआधी नीट पाहा.

भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसत असतील तर डेटा शाबूत आहे. जुन्या सॉफ्टवेअरांत मराठी हे श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फाँटमध्ये लिहिलेलं असतं. आत साठलेले संकेत इंग्रजी अक्षरांचेच असतात, फाँट त्यांना देवनागरी रूप देतो. नव्या कॉम्प्युटरवर तो फाँट नाही, एवढंच. जुन्या मशीनच्या फाँट फोल्डरमध्ये तो आहे. परवान्यासह नव्यावर बसवा. प्रिस्क्रिप्शनवरच्या "सकाळी-दुपारी-रात्री", "जेवणाआधी" या सूचनाही बहुधा याच फाँटमध्ये असतात. त्या न छापल्या गेल्या तर पेशंट औषध चुकीच्या वेळी घेतो, म्हणून छापील कागद हातात घेऊन वाचा.

रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, पण त्या जागी निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही. मंगल किंवा निर्मला यूआय निवडून पाहा.

खरोखरची प्रश्नचिन्हं असतील तर मात्र लगेच थांबा. युनिकोड मराठी अक्षरं व्हारकॅर प्रकारच्या (युनिकोडसाठी नसलेल्या) रकान्यात गेली की सेव्ह होतानाच त्यांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत. रिस्टोअरने हे होत नाही. डेटा एक्सेलमधून किंवा एका टेबलातून दुसऱ्यात ओतला गेला असेल तेव्हा होतं. रकाना एनव्हारकॅर (युनिकोड साठवणारा) करून मूळ बॅकअपवरून तो टप्पा पुन्हा करा.

"आता हातासरशी सगळं युनिकोड करून घेऊ का?" असंही विचारतात. त्याच रात्री करू नका. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफार आणि जोडाक्षरांचंही गणित वेगळं. रूपांतर करणारी साधनं बहुतेक नावं नीट करतात, पण गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे अशा आडनावांवर अडखळतात. पेशंटचं आडनाव चुकलं तर पुढच्या वेळी तो सापडत नाही, नवीन म्हणून नोंदवला जातो आणि त्याची ॲलर्जीची नोंद जुन्या फाइलमध्येच राहते. शिफ्टिंग स्थिरावल्यावर, प्रतीवर प्रयोग करून, आडनावांची यादी माणसाच्या डोळ्यांनी तपासून हे वेगळं काम म्हणून करा.

१०. काही तारखा उलट झाल्यात. ५ जूनच्या जागी ६ मे येतंय. का?

नव्या विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रदेश (रीजन) अमेरिकेचा राहिला म्हणून. तिथे महिना आधी लिहितात. सर्व्हरवर आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रदेश "इंग्लिश (इंडिया)" आणि तारीख दिवस-महिना-वर्ष अशी करा. डेटाबेसच्या लॉगिनलाही स्वतःची भाषा असते. जुन्यावर ती ब्रिटिश इंग्लिश होती आणि नव्यावर बनवताना यूएस इंग्लिश राहिली तर विंडोज बरोबर असूनही गोंधळ होतो.

या दोषाचा धोका असा की तो अर्धाच दिसतो. १३ तारखेपासून पुढच्या नोंदींना सॉफ्टवेअर एरर देतं, म्हणून लक्षात येतं. १ ते १२ तारखांच्या नोंदी निमूट उलट्या सेव्ह होतात. लसीकरणाची पुढची तारीख, गर्भवतीची शेवटची पाळी आणि त्यावरून निघणारी बाळंतपणाची तारीख, औषधाची एक्स्पायरी, सगळं यात येतं. शिफ्टिंग महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात असेल तर एरर येईपर्यंत कितीतरी पेशंट होऊन गेलेले असतात.

रकाना खऱ्या तारखेच्या प्रकारचा असेल तर आधीच्या नोंदी सुरक्षित असतात, फक्त नव्या बिघडतात. तारीख साध्या मजकुरासारखी साठवणारी जुनी सॉफ्टवेअरंही आहेत. तिथे जुन्या नोंदीही चुकीच्या वाचल्या जातात. तालमीत मुद्दाम ५ जून आणि २५ जून अशा दोन तारखांच्या एंट्री करा, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा, आणि छापूनही पाहा.

११. सगळं रेकॉर्ड आलं हे नेमकं कसं तपासायचं?

दोन प्रकारे, आणि दोन्ही लागतात.

एक आकड्यांनी. जुन्यावर शेवटची एंट्री झाल्यावर आणि नव्यावर रिस्टोअर झाल्यावर तेच आकडे लिहा: एकूण पेशंट, एकूण व्हिजिट, बिलांची संख्या, मागच्या महिन्याची एकूण जमा, मेडिकलच्या स्टॉकची किंमत, स्कॅनच्या फोल्डरमधल्या फायली. शेवटचा रजिस्ट्रेशन नंबर आणि पावती नंबरही लिहा. काही सॉफ्टवेअरांत पुढचा नंबर डेटाबेसबाहेरच्या सेटिंग फाइलमध्ये असतो. ती राहिली तर नंबर मागे जातो आणि दोन पेशंटना एकच नंबर मिळतो.

दुसरा, माणसांनी. आकडे जुळूनही पेशंटचं पान चुकीचं उघडू शकतं. वीस-पंचवीस पेशंट निवडा, पण सरसकट नको: सगळ्यात जुना, कालचा, शंभर व्हिजिट असलेला मधुमेहाचा पेशंट, एकाच नावाचे दोघे, लग्नानंतर आडनाव बदललेली बाई, जुळी बाळं, ॲलर्जीची लाल खूण असलेला, उधारी बाकी असलेला, सध्या ॲडमिट असलेला. ही यादी रिसेप्शनवरच्या ताई आणि सिस्टर यांच्याकडून घ्या. कोणतं रेकॉर्ड अवघड आहे हे तंत्रज्ञापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. जुन्याच्या स्क्रीनची छापील प्रत शेजारी ठेवून नव्यावरचं पान ओळ न् ओळ पाहा. शेवटची सही डॉक्टरांची हवी. हे काम डॉक्टर टाळतात, कारण रविवार असतो. पण औषधाचा डोस बरोबर दिसतोय की नाही हे तंत्रज्ञ सांगू शकत नाही.

डुप्लिकेट पेशंट, चुकीचे फोन नंबर यांची साफसफाई याच वेळी करायचा मोह होतो. करू नका, आकडे जुळवायला काही आधारच उरत नाही.

१२. आमचं सॉफ्टवेअर डॉसचं, फॉक्सप्रोमधलं आहे. बनवणाराही आता हे काम करत नाही.

डॉसवरचे १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ मध्ये बनवलेलं ३२-बिट सॉफ्टवेअर मात्र सहसा चालतं, जरी मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार जानेवारी २०१५ मध्ये थांबवला. दोन्हीत डेटा डीबीएफ फायलींत असतो आणि हे तुमच्या फायद्याचं आहे: त्या फायली बनवणाऱ्याच्या मदतीविनाही वाचता येतात. सॉफ्टवेअर बंद करून, सगळे कॉम्प्युटर बाहेर काढून, मेमो (लांब मजकूर) आणि इंडेक्स (शोधसूची) यांच्या जोडफायलींसकट पूर्ण फोल्डर कॉपी करा. मेमोची फाइल राहिली तर नावं येतात आणि डॉक्टरांनी लिहिलेली निरीक्षणं गायब होतात.

जुन्या प्रोग्रामला आभासी मशीनमध्ये, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, जुन्या विंडोजसह ठेवता येतं, पण त्याला इंटरनेट देऊ नका आणि फक्त जुनं पाहण्यासाठी वापरा. नव्या कामासाठी नवं सॉफ्टवेअर घ्याच. घेताना करारात एक ओळ लिहून घ्या: आमचा पूर्ण डेटा, अटॅचमेंटसह, मागू तेव्हा वाचता येण्याजोग्या स्वरूपात मिळेल.

१३. डाँगल लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. तो नव्यावर चालेल?

डाँगल म्हणजे परवान्याची किल्ली म्हणून कॉम्प्युटरला लावायचं छोटं उपकरण. यूएसबी डाँगल असेल तर त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी मिळतो का ते आधी पाहा. प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टचा डाँगल असेल तर बदलून मागावा लागेल. काही परवाने हार्ड डिस्कच्या किंवा नेटवर्क कार्डच्या क्रमांकाला बांधलेले असतात. नवा सर्व्हर आला की नवी लायसन्स की लागते, आणि ती कंपनीच्या कार्यालयीन वेळेतच मिळते. रविवारी रात्री हे कळू नये म्हणून तालमीतच की मागवा. सर्व्हरवर हायपर-व्ही (विंडोजमधली आभासी मशीनची सोय) वापरून आभासी मशीन करणार असाल तर डाँगल थेट आत जात नाही, हेही लक्षात असू द्या.

१४. सोनोग्राफी मशीन, लॅबचा ॲनालायझर, स्कॅनर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यांचं काय?

सोनोग्राफी किंवा एक्स-रे मशीनमध्ये सर्व्हरचा आयपी, पोर्ट आणि एई टायटल (मशीनं एकमेकांना ओळखतात ते नाव) लिहिलेलं असतं. तिन्ही तीच ठेवली तर मशीनला हात लावावा लागत नाही. मशीनचं सेटिंग बदलायला कंपनीचा इंजिनीअर बोलवावा लागतो, म्हणून जुनाच आयपी ठेवणं सोयीचं.

लॅबचे जुने ॲनालायझर सिरियल केबलने बोलतात आणि नव्या सर्व्हरला तो पोर्ट नसतो. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये जो कॉम नंबर (सिरियल पोर्टचा क्रमांक) आहे तोच त्याला द्या. त्यानंतर एका नमुन्याचा रिपोर्ट मशीनच्या स्क्रीनशी आकडा न् आकडा जुळवा. हिमोग्लोबिनच्या जागी दुसराच आकडा बसणं परवडत नाही.

"फोल्डरला स्कॅन" करणारे जुने स्कॅनर एसएमबी १ ही फाइल शेअरिंगची जुनी पद्धत वापरतात. ते नव्या विंडोजमध्ये मुळात बसवलेलं नसतं, आणि स्कॅनरसाठी ते चालू करू नका: मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला. स्कॅनरचं फर्मवेअर अपडेट करा किंवा तो यूएसबीने एका कॉम्प्युटरला जोडा. डॉट मॅट्रिक्ससाठी कागदाचा आकार नव्या ड्रायव्हरमध्ये पुन्हा बनवावा लागतो.

१५. जुनं रेकॉर्ड किती वर्षांचं न्यायचं? सगळं कशाला?

सगळं न्या. डिस्क स्वस्त आहे.

कायद्याचं किमान असं: भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णांचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं, आणि पेशंटने मागितल्यास ७२ तासांत द्यायचं. पीसीपीएनडीटीखालचं रेकॉर्ड २ वर्षं, आणि प्रकरण न्यायालयात असेल तर निकाल लागेपर्यंत. मेडिको-लीगल केसचंही निकालापर्यंत. ७२ तासांची मुदत शिफ्टिंग चालू आहे म्हणून थांबत नाही. त्या दोन दिवसांत अर्ज आला तर जुन्या सर्व्हरवरून प्रत काढून द्या.

पीसीपीएनडीटीच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे: रेकॉर्ड कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर जबाबदार व्यक्तीने प्रमाणित केलेली छापील प्रतही जपायची असते. शिफ्टिंगआधी ती फाइल पूर्ण आहे का बघा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुना फॉर्म एफ (गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म) वेगळ्या मांडणीत छापला जाऊ शकतो, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे मूळ छापील प्रतच कामी येते.

१६. इतकी यातायात करण्यापेक्षा क्लाउडवर का जाऊ नये?

इंटरनेटच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या असतील आणि सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालण्यासाठीच बनवलं असेल तर जरूर जा. जुनं लॅनवरचं सॉफ्टवेअर तसंच उचलून भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलं तर ते हळू चालतं आणि नेट गेलं की ओपीडी थांबते. तालुक्याच्या गावातल्या हॉस्पिटलांना मी सध्या तरी दवाखान्यात सर्व्हर आणि बाहेर कूटबद्ध बॅकअप असंच सुचवतो. डेटा शिफ्ट करण्याचं काम क्लाउडवर जातानाही सुटत नाही. प्रश्न ९, १० आणि ११ तिथेही तसेच लागू आहेत.

१७. नव्यावर गेल्यावर काही बिघडलं तर जुन्यावर परत येता येईल का?

पहिल्या काही तासांत सहज, नंतर कष्टाने. म्हणून परतीचा क्षण आधीच ठरवा: उदाहरणार्थ, सोमवारी सकाळी ११ पर्यंत नोंदणी, प्रिस्क्रिप्शन आणि बिल यांतलं काहीही अडलं तर जुन्यावर परत. तोवर प्रत्येक पेशंटचा केस पेपर कागदावरही लिहा. परत जावं लागलं तर तेवढ्याच एंट्री जुन्यावर हाताने भरायच्या. निर्णय कोणी घ्यायचा त्या एकाच माणसाचं नाव लिहून ठेवा.

सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे दोन्ही सर्व्हर एकाच वेळी जिवंत असणं. केबिनचा कॉम्प्युटर नव्याला जोडलेला, मेडिकलचा चुकून जुन्यालाच. दोन्हीकडे एंट्री होत राहतात, कोणालाच एरर येत नाही, आणि आठवड्याने स्टॉक जुळेना म्हणून शोध सुरू होतो. शेवटचा बॅकअप घेतल्याबरोबर जुना डेटाबेस "रीड ओन्ली" करा आणि केबल काढा. दोन्ही गोष्टी करा.

१८. पेशंट ॲडमिट असताना शिफ्टिंग करायचं का?

ॲडमिट पेशंट नसलेला दिवस हॉस्पिटलला मिळत नाही, त्यामुळे करावं लागतं. सुरू करण्याआधी प्रत्येक ॲडमिट पेशंटची चालू औषधं, ॲलर्जी, शेवटचे लॅब रिपोर्ट आणि आजवरचं बिल छापून वॉर्डात सिस्टरकडे द्या. रात्रीच्या ड्यूटीला असलेल्यांना कागदावर कुठे लिहायचं ते तोंडी आणि लेखी सांगा. काम संपल्यावर त्या कागदांवरच्या नोंदी भरताना औषध दिल्याची खरी वेळ टाका, एंट्रीची नव्हे. सॉफ्टवेअर वेळ आपोआप घालत असेल तर शेऱ्यात खरी वेळ लिहा.

१९. शिफ्टिंगनंतर रोजचा बॅकअप आपोआप सुरू राहतो ना?

नाही. रोजचा बॅकअप घेणारं वेळापत्रक जुन्या विंडोजमध्ये होतं, ते तिथेच राहिलं. एसक्यूएल एक्स्प्रेसमध्ये एजंट (ठरलेल्या वेळी कामं करणारी सेवा) नसतो, त्यामुळे विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ते नव्याने बनवावं लागतं. पहिल्याच रात्री बनवा, दुसऱ्या सकाळी फाइल आली का पाहा, आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करा. स्कॅनचा फोल्डरही त्यात घ्या.

बॅकअपची एक प्रत कायम कॉम्प्युटरपासून सुटी हवी. बाह्य डिस्क सतत जोडून ठेवली तर रॅन्समवेअर (डेटा लॉक करून पैसे मागणारं सॉफ्टवेअर) तिलाही लॉक करतं. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ ला असा हल्ला झाला तेव्हा एवढ्या मोठ्या संस्थेला कित्येक दिवस नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामं कागदावर करावी लागली. दोन डिस्क आलटून-पालटून वापरा, एक दवाखान्याबाहेर ठेवा आणि दोन्हींना बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कूटबद्ध करणारं कुलूप) लावा. बिटलॉकरची की डिस्कच्या पिशवीत ठेवू नका.

२०. जुन्या सर्व्हरचं काय करायचं? भंगारवाला दोन हजार देतोय.

निदान तीन महिने तसाच ठेवा, केबल काढलेला. एक तिमाही जाईपर्यंत न वापरलेले रिपोर्ट, वार्षिक विमा दावे, जुनी प्रमाणपत्रं यांची गरज निघत राहते. तो पुन्हा चालू करायचा झाला तर लॅन न जोडता करा. त्याचं नाव आणि आयपी आता नव्याकडे आहे.

नंतर मशीन द्या, डिस्क देऊ नका. फॉरमॅट केलेल्या हार्ड डिस्कवरून फायली परत काढता येतात. हार्ड डिस्क पूर्ण पुसणाऱ्या साधनाने पुसा किंवा आतल्या चकत्यांना ड्रिलने आरपार भोकं पाडा. एसएसडी असेल तर उत्पादकाचं सिक्युअर इरेज वापरा, नाहीतर चिप फोडा. जुनी झेरॉक्स-कम-स्कॅनर मशीन सोबत देत असाल तर तिच्यातही डिस्क असू शकते. डिस्कचा सिरियल नंबर, नष्ट केल्याची तारीख आणि दोघांच्या सह्या असलेला कागद दवाखान्याच्या फाइलमध्ये लावा.